टॅब घेऊ का, गुरुजी?

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक सून संध्याकाळी मुलाला घेऊन घरी आली. मुलगा तिसरीत. तिच्या मोबाईलवर एका ॲपची जाहिरात होती. डिस्लेक्सिया असलेलं मूल तीन महिन्यांत वाचायला लागेल, असं मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. वर्षाची फी माझ्या महिन्याच्या पेन्शनच्या जवळ जाणारी, टॅब वेगळा. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तीस वर्षं पोरं शिकवलीत. घेऊ का हे?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याचं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

त्या पोराचा बाप माझा विद्यार्थी. १९९५ साली माझ्या तिसरीच्या वर्गात होता. धडा दुसऱ्या कुणी एकदा वाचला की याचा पाठ. मग स्वतःची पाळी आली की उभा राहून घडाघडा 'वाचायचा'. एक दिवस माझं लक्ष गेलं, पुस्तक भलत्याच पानावर उघडलेलं. मला वाटलं, पोरगं फसवतंय. छडी दिली. नंतरही दिली. सातवीत त्याने शाळा सोडली. आज त्याचं गॅरेज उत्तम चाललंय, पण मोबाईलवर आलेला मेसेज तो बायकोकडून वाचून घेतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. (त्याला विचारूनच हे लिहितोय. नाव लिहीत नाही.)

तर त्या बाईंना म्हटलं, आठ दिवस दे, वाचून सांगतो. त्या आठ दिवसांत जे वाचलं ते इथे मांडतोय, कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात इंग्लंडमधून. १८९६ साल. आपल्याकडे त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. तिकडे ससेक्स परगण्यात सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलाचं नाव पर्सी. नजर चांगली, गणित जमायचं, बोलण्यात चलाख. पण वाचता येत नव्हतं. स्वतःचं नावसुद्धा अक्षरं उलटसुलट करून 'प्रेसी' असं लिहायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की, शिकवणं सगळं तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वात हुशार मुलगा ठरला असता.

हे वाचून मी थांबलो. माझ्या छडीच्या ९९ वर्षं आधी एका मास्तरला जे दिसलं, ते मला दिसलं नव्हतं.

'डिस्लेक्सिया' हा शब्द त्याआधीच, १८८७ मध्ये, जर्मनीतल्या स्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी वापरला होता. पण तो मोठ्या माणसांबद्दल, मेंदूला इजा होऊन ज्यांचं वाचन गेलं त्यांच्याबद्दल. पर्सीच्या गोष्टीने कळलं की असं जन्मापासूनही असू शकतं. त्या काळी याला 'शब्दांधत्व' म्हणत. आणि डोळ्यांचे डॉक्टर यात पुढे होते, कारण दोष डोळ्यांत असावा असं बऱ्याच जणांना वाटायचं. आजही आपल्याकडे मूल वाचत नसलं की पहिलं काय करतात? चष्म्याचा नंबर काढून आणतात.

मग येतात अमेरिकेतले डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन. १९२५ साली आयोवातल्या मुलांवरून त्यांनी मांडलं की मेंदूचे दोन भाग अक्षराची प्रतिमा आरशासारखी उलटी धरतात, म्हणून गोंधळ होतो. हा तर्क पुढे टिकला नाही. पण त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी १९३० च्या दशकात जी शिकवण्याची रीत बसवली, ती टिकली. अक्षर बघायचं, त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, त्याच वेळी ते बोटाने गिरवायचं. एका वेळी एकच गोष्ट, ठरलेल्या क्रमाने, पक्की होईपर्यंत. कारण चुकीचं सापडलं होतं, पण हात योग्य जागी पडला होता. या रीतीत अडचण एकच. प्रत्येक मुलाजवळ एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला अफाट धीर लागतो. साठ पोरांच्या वर्गात तो आणायचा कुठून?

इथेच कॉम्प्युटर आला.

१९६६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रिचर्ड ॲटकिन्सन आणि पॅट्रिक सपीज यांनी ईस्ट पालो आल्टोच्या ब्रेंटवुड शाळेत पहिलीच्या मुलांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. आयबीएमचं यंत्र, कानाला हेडफोन, हातात प्रकाश-लेखणी. आवाज ऐकायचा आणि पडद्यावरचं बरोबर अक्षर लेखणीने दाखवायचं. चुकलं तर पुन्हा. बरोबर आलं तर पुढे. प्रत्येक मूल आपापल्या चालीने. हे डिस्लेक्सियासाठी खास केलेलं नव्हतं, पण न चिडता तेच ते हजार वेळा विचारणारा मास्तर तयार झाला होता.

पण नेमकं काय विचारायचं? ते अजून ठरायचं होतं.

ते ठरायला सत्तर-ऐंशीचं दशक उजाडलं. अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की वाचायला शिकण्यासाठी मुलाला आधी एक गोष्ट उमगावी लागते: बोललेला शब्द सुट्या आवाजांचा बनलेला असतो. आपण मोठ्यांना हे इतकं अंगवळणी पडलंय की यात शिकण्यासारखं काही आहे हेच सुचत नाही. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांचा प्रयोग 'नेचर'मध्ये आला. आवाज ओळखण्यात कच्च्या असलेल्या लहान मुलांना त्यांनी दोन वर्षांत चाळीस बैठका दिल्या. काहींना नुसते आवाजांचे खेळ, काहींना त्याच खेळांबरोबर हातात प्लॅस्टिकची अक्षरं. आवाज आणि अक्षर दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यांत पुढे गेली.

म्हणजे दोष डोळ्यांत नव्हताच. मुख्य अडचण आवाज सुटा करण्यात आणि तो अक्षराशी जोडण्यात होती. शब्दांधत्वाची कल्पना मांडून झाल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी हे पक्कं झालं.

याच काळात कॉम्प्युटरला वाचाही फुटली. रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये अंध लोकांसाठी छापील मजकूर मोठ्याने वाचणारं यंत्र केलं होतं. १९८० च्या दशकात कोलोरॅडो विद्यापीठाच्या रिचर्ड ऑल्सन आणि बार्बरा वाइज यांनी बोलणारा कॉम्प्युटर वाचनात अडणाऱ्या मुलांपुढे ठेवला. मूल गोष्ट वाचतंय, शब्द अडला, त्यावर बाण नेला की कॉम्प्युटर तो शब्द उच्चारून दाखवतो. गोष्ट अर्ध्यात सुटत नाही.

इथे पालकांनी एक फरक नीट लक्षात घ्यावा. काही सॉफ्टवेअर मुलासाठी वाचून दाखवतात. काही मुलाला वाचायला शिकवतात. दोन्ही कामाची आहेत, पण दोन वेगवेगळी कामं आहेत. जाहिरातीत ती मुद्दाम एक केलेली असतात.

आता १९९६ साल. जानेवारीत 'सायन्स' या साप्ताहिकात पॉला टॅलल, मायकेल मर्झेनिक आणि सहकाऱ्यांचे निबंध आले. भाषा शिकण्यात अडचण असलेल्या थोड्या मुलांना त्यांनी ताणून हळू केलेल्या उच्चारांचे कॉम्प्युटर गेम चार आठवडे खेळवले होते आणि मोठी सुधारणा दिसली होती. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, कंपनी निघाली, 'फास्ट फॉरवर्ड' नावाने सॉफ्टवेअर बाजारात आलं, शाळांनी घेतलं. पंधरा वर्षांनी, २०११ मध्ये, ब्रिटिश संशोधकांनी सगळे नीट केलेले प्रयोग एकत्र करून पाहिले. वाचन सुधारतं असा पुरावा त्यांना मिळाला नाही. ही माणसं लबाड नव्हती, नावाजलेले शास्त्रज्ञ होते. पण दहा-वीस मुलांवर दिसलेलं लाखो मुलांवर दिसेलच असं नाही, आणि तोवर आईबापांचे पैसे आणि पोरांची वर्षं गेलेली असतात.

त्याच वर्षांत फिनलंडमध्ये याच्या अगदी उलट, सावकाश काम चालू होतं. युवास्कुला नावाच्या शहरात हाइक्की ल्युटिनेन आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात जन्मलेली सुमारे दोनशे बाळं निवडली. त्यांतल्या निम्म्यांच्या आईला किंवा वडिलांना डिस्लेक्सिया होता. जन्मल्यापासून मुलं शाळेत जाईपर्यंत आणि पुढेही त्यांचा माग ठेवला. ज्यांच्या घरात ही अडचण होती त्यांच्यात ती बऱ्याच जास्त प्रमाणात उतरली. आणि अक्षरांची ओळख ज्यांना शाळेआधीच जड जात होती, त्यांना पुढे वाचन जड गेलं. म्हणजे मूल नापास होईपर्यंत थांबायची गरज नव्हती. धोका आधी दिसतो.

बाप आणि मुलगा. हे वाचताना माझ्यासमोर कोण उभं राहिलं, ते सांगायला नको.

या अभ्यासातून एक साधा गेम निघाला. फिनिशमध्ये त्याचं नाव 'एकापेली', बाहेरच्या देशांत 'ग्राफोगेम'. हेडफोनमध्ये एक आवाज येतो. पडद्यावर वरून अक्षरं खाली येतात. खाली पोचायच्या आत योग्य अक्षर पकडायचं. मग अक्षरांवरून अवयव, अवयवांवरून शब्द. मुलाच्या चुका बघून गेम पुढचे प्रश्न निवडतो, बहुतेक उत्तरं बरोबर यावीत अशा बेताने, म्हणजे मूल हिरमुसत नाही. फिनलंडमध्ये तो मुलांना फुकट दिला गेला.

गेम गाजला, देशोदेशी गेला, आणि इथून पुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

पहिला धडा भाषेचा. फिनिशमध्ये एका अक्षराला जवळजवळ एकच आवाज. तिथे अक्षर-आवाजाची जोडी पक्की झाली की मूल वाचू लागतं. इंग्रजीत तसं नाही. तिथे तेच अक्षर दहा ठिकाणी दहा तऱ्हेने बोलतं. म्हणून केंब्रिजला उषा गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी गेम वेगळा रचून पाहिला, शब्दांच्या शेवटी जुळणाऱ्या यमकांच्या तुकड्यांवर. नुसतं भाषांतर करून चालत नाही. पाया खणूनच पुन्हा बांधावं लागतं.

दुसरा धडा माणसाचा. आफ्रिकेत झांबियाची राजधानी लुसाका. तिथल्या सरकारी शाळांत पहिलीच्या मुलांना न्यांजा भाषेतला गेम मोबाईलवर दिला. काही वर्गांत फक्त मुलं खेळली, काहींत फक्त शिक्षक, काहींत दोघंही. सगळ्यांत चांगला निकाल कुठे? जिथे मुलांबरोबर त्यांच्या शिक्षकांनीही गेम खेळला होता तिथे. २०२० मध्ये अनेक देशांतले ग्राफोगेमचे प्रयोग एकत्र करून पाहिले गेले. सरासरीने शब्दवाचनावर परिणाम जवळपास शून्य निघाला. पण जिथे मुलाच्या शेजारी मोठं माणूस बसून लक्ष घालत होतं, तिथे परिणाम चांगला होता.

तेव्हा यंत्राने धीर दिला हे खरं, पण माणसाची जागा रिकामी ठेवून नाही.

आता आपल्याकडे या.

१९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. हा त्यात नव्हता. १९९६ मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. त्याच वर्षी अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्र सरकारने केली. देशात या बाबतीत आपलं राज्य पुढे होतं, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. जादा वेळ, एका भाषेऐवजी दुसरा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. २००७ साली 'तारे जमीन पर' आला आणि हा शब्द गावोगाव पोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो अखेर आला.

पण या सगळ्यात आपण मुलाला मुख्यतः सवलत दिली. वाचन दिलं का? प्रमाणपत्र काढायचं तर मोठ्या रुग्णालयात जायचं, तिथल्या जुन्या चाचण्या बव्हंशी इंग्रजीच्या. याचा फायदा शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला जास्त, हे उघड आहे. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा संच तयार केला. त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतूनही चाचणी आहे. किती शिक्षकांनी तो पाहिलाय? मी नोकरीत असताना त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

आणि आपली लिपी? ती फिनिशसारखी नाही आणि इंग्रजीसारखीही नाही. आपल्या एका अक्षरात बहुधा व्यंजन आणि स्वर एकत्र बसलेले असतात. 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो, पण लिहिताना वेलांटी क च्या आधी. 'सूर्य' मधला र य च्या आधी ऐकू येतो, पण लिहितो तो य च्या डोक्यावर. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या, फरक एका छोट्या फराट्याचा. 'चमचा' आणि 'चिमणी' यांतला च लिहायला एक, बोलायला दोन. 'घर' लिहिताना शेवटचा र पुरा, बोलताना अर्धा. बारा खड्या आणि जोडाक्षरं धरली तर ओळखायच्या आकृत्या शेकड्यांत जातात. बेंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की अशा लिपीची अक्षरं शिकणं पहिलीत संपत नाही, ते पुढची काही वर्षं चालूच राहतं. मग मराठी मुलाने दुसरीत जोडाक्षराला अडखळणं हा आजार नसेलही. आणि चौथीत साधी वेलांटी चुकत असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. हा फरक ओळखणारं सॉफ्टवेअर मराठीच बघून बनवावं लागेल. इंग्रजी ॲपवर मराठी अक्षरं चिकटवून ते होणार नाही.

अजून एक. वाचता न येणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं. कित्येकांना कुणी नीट शिकवलेलंच नसतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर सहा महिने गेलेलं पोर वाचत नसेल तर दोष त्याच्या मेंदूचा नाही.

तर त्या सुनेला मी काय सांगितलं?

सांगितलं, पैसे भरण्याआधी त्यांना चार गोष्टी विचार. हे मराठीसाठी बनवलंय की भाषांतर आहे? हे वाचून दाखवतं की वाचायला शिकवतं? त्यांच्या स्वतःच्या जाहिरातीखेरीज दुसऱ्या कुणी तपासून पाहिलंय का? आणि रोज मुलाशेजारी कोण बसणार? पहिल्या तिन्हींची उत्तरं फोनवरच्या मुलाला देता आली नाहीत. चौथ्याचं उत्तर मी दिलं. रोज संध्याकाळी वीस मिनिटं मी बसणार. पाटी, वाळूचा ताट, पुठ्ठ्याची अक्षरं. आवाज म्हणायचा, अक्षर उचलायचं, गिरवायचं. सहा दिवस झालेत. चमत्कार काही झालेला नाही. 'म' आणि 'भ' आता चुकत नाहीत, इतकंच. तपासणीसाठीही त्याला नेणार आहोत.

बापाच्या मोबाईलमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय चालू करून दिली. साध्या फोनमध्येही असते, मराठीत असते, फुकट असते. त्याने स्पेअर पार्टवाल्याचा मेसेज लावला, दोनदा ऐकला आणि फोन खिशात ठेवला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं."

मला माहीत नव्हतं हे खरं. पण जगाला माहीत होतं, आणि ते माझ्या वर्गापर्यंत कुणी पोचवलं नव्हतं. आज तीस वर्षांनी तरी ते पोचलंय का?

म्हणून आपल्या भागातल्या पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी विनंती. पुढच्या बैठकीत भिंतीच्या रंगाबरोबर हाही विषय घ्या. पहिली-दुसरीत कोणती मुलं अक्षरांपाशी अडलीत, त्यांची यादी मागा. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना शाळेत बोलवा. मराठीतल्या चाचणीबद्दल विचारा. देणगीतून टॅब येणार असतील तर आनंदाने घ्या, पण टॅबशेजारी कोण बसणार हे आधी ठरवा. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक गावात रिकामे बसलेत. आम्हाला बोलवा. रोजची वीस मिनिटं आमच्याकडे आहेत.

आणि वर्गात एखादं पोर भलत्या पानावर बोट ठेवून धडा घडाघडा म्हणताना दिसलं, तर छडी शोधू नका. ते फसवत नाही. हरू नये म्हणून जीव तोडून काय करतंय, ते बघा.